डाग दिलेली तार

दाजी,

तुम्हाला जाऊन महिना होत आला, आणि टाकव्यापासून कामशेतपर्यंत तुमच्या जाण्यापेक्षा माझ्या तोंडाचीच गोष्ट जास्त फिरते आहे. परवा कामशेतच्या बाजारात एका अनोळखी माणसानं मला थांबवून विचारलं, "तुमीच का ते? मढं गाडीत ठिवून भांडान जिंकलं ते?" तो हसत होता. वाईट हेतूनं नव्हे. सगळेच तसे हसतात आणि वर मलाच समजावतात, की दाजी असते तर तेही हसले असते. मी मान हलवतो आणि पुढं जातो. तुम्ही हसला असता की नाही हे मला माहीत नाही. मला माझं माहीत आहे. त्या क्षणी मला आनंद झाला होता. तुमचा देह मागं होता, आक्का रडत होती, आणि मला आनंद झाला होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. घरात बायकोलाही नाही.

तुमच्याबद्दल लिहायला बसलो की मी आधी आपल्या भांडणावरच जातो. आपलं नातं तेच होतं. बाकीची मेव्हणे-दाजी मंडळी जमिनीवरून भांडतात, मानपानावरून रुसतात. आपण तारेच्या जोडावरून भांडलो. तुम्ही लष्करात वायरलेसच्या पेट्या दुरुस्त करून आलेले. तार जोडायची म्हणजे पीळ द्यायचा, राळ लावायची, शेगडीत लाल केलेलं लोखंड टेकवायचं आणि कथिलाचा डाग द्यायचा, हे तुमचं शास्त्र. मी रेल्वेच्या शेडमध्ये शिकलेला. तिथं तांब्याची बोटाच्या पेराएवढी नळी असे, दोन्हीकडून तारेची टोकं आत सारायची आणि पक्कडीनं करकचून दाबायची. विस्तव नको, राळ नको, काम झालं.

आणि मला रेल्वेत चिकटवलं कुणी? तुम्हीच. आमचे वडील गेल्यावर मी घराशेजारच्या तुमच्या शेडमध्ये हाताखाली राहिलो असतो तर तुम्हाला हवंच होतं. तरी तुम्ही माझ्याबरोबर लोणावळ्याला आलात, धुतलेला सदरा घालून फोरमनसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरगं हुशार हाय, फकस्त बोलतं जास्त." मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच सुट्टीला येऊन तुमच्याच शेडमध्ये तुम्हालाच शिकवायला लागलो. तुम्ही तेव्हापासून मला "रेल्वेवाले पाव्हणं" म्हणायला लागलात.

तुमची ती जीप लष्कराच्या लिलावातली. तिला मूळचे दिवे होते तेवढेच. बाकीचं सगळं तुम्ही चढवलेलं: धुक्यासाठी पुढं खाली पिवळा दिवा, जनावरं हटायला तो मोठा भोंगा, मागं वाड्यांवरचं दूध खाली आणायला कॅनचा ट्रेलर आणि ट्रेलरला लाल दिवा. जेवढं वाढवलं तेवढे तारेचे जोड वाढले, आणि तेवढी आपली भांडणं. रस्ता तर तुम्हाला माहीतच. टाकव्याच्या पुढं वाड्यांकडं जाणाऱ्या त्या वाटेला रस्ता म्हणणं म्हणजे तिचा मान करणं. धोंडे, चिखल, ओढे. गाडीतला माणूस खिळखिळा होतो, तिथं तारेचं काय.

"डागानं तार काडीसारखी कडक होते," मी म्हणायचो. "जिथं कडकपणा संपतो तिथंच हादऱ्यानं तुटणार. जोड राहील शाबूत, तार जाईल त्याच्या मागं."

"आन् तुज्या नळीत पावसाचं पानी शिरंल," तुम्ही म्हणायचात. "दोन पावसाळ्यांत हिरवी व्हती का न्हाई बघ. डाग दिला की दोन तारांची एक तार झाली. दाबली म्हंजे निस्ता हातात हात धरलाय. कवा सुटंल नेम न्हाई."

एकदा आपण पैजच लावली. एकाच तारेचे दोन तुकडे घेतले, एक जोड तुम्ही केला, एक मी, आणि दोन्ही शेडच्या तुळईला बांधून खाली पाण्यानं भरलेले दुधाचे कॅन टांगले. संध्याकाळपर्यंत दोघं बिड्या ओढत समोर बसून राहिलो. दोन्ही जोड टिकले. शेवटी आक्का बाहेर आली. "कॅनच्या कड्या वाकल्या तर दूध काय तुमच्या टोप्यांत भरू?" म्हणाली आणि विळ्यानं दोन्ही तारा सपासप कापून टाकल्या. दोघांच्या पायांवर पाणी. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मी हसलो नाही. माझा जोड जास्त टिकला असता असं मला वाटत होतं.

माझं हे असं होतं, दाजी. तुम्ही खेळत होता आणि मी जिंकायला बसलो होतो.

आता तो दिवस. रविवार होता म्हणून मी तुमच्याकडंच आलेलो. तुम्ही दूध आणायला वर गेला होता आणि जेवायला थांबायचं म्हणून आक्का माझ्यावर डाफरत होती. दुपार कलली, आणि टाकव्याहून एक माणूस सायकल रेटत आला. दारात उभा राहिला. आक्काच म्हणाली, "गाडी पडली का?" तो म्हणाला, "गाडी हाय. दाजी न्हाईत."

वरच्या वाडीत कॅन चढवताना छातीत कळ आली म्हणून तुम्ही एका घराच्या ओट्यावर बसलात. पाणी मागितलंत. पाणी येईपर्यंत गेलात. एवढंच झालं होतं. आम्ही मिळेल त्या ट्रकनं टाकव्यापर्यंत आलो आणि पुढं चालत चढलो. आक्का वाटेत एकदाही थांबली नाही. वाडीतल्या बायकांनी तुम्हाला घोंगडीवर निजवलं होतं आणि पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर इरलं धरलं होतं. तिथं मी रडलो. हे मी आवर्जून सांगतो, कारण नंतरचं ऐकून कुणाला वाटेल की या माणसाला रडू आलंच नाही.

दूध ओतून कॅन उतरवले. तुम्हाला जीपमध्ये मागं ठेवलं. आक्का तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाडीतले चार जण कडेला लटकले आणि मी चालवायला बसलो. दिवस मावळत होता आणि धुकं असं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत. तिथं तुमचा खालचा पिवळा दिवाच कामाचा. मी बटण ओढलं. दिवा लागला नाही.

खाली उतरलो. एकानं कंदील धरला. मी बॉनेट उचललं, तारेवरून हात फिरवत गेलो, आणि सापडली. डाग शाबूत, चकचकीत. त्याच्या मागं एका बोटावर तार तुटलेली. मी इतकी वर्षं सांगत होतो बरोबर त्याच जागी.

मी तार कंदिलापुढं धरली आणि मोठ्यानं म्हणालो, "बघा दाजी! डागाच्या मागंच तुटली! किती वर्षं सांगतोय!"

ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा मी तुमच्याकडंच वळलो होतो. सवयीनं. तुम्ही काय उत्तर देता ते ऐकायला.

कंदील धरणारा माणूस खाली बघायला लागला. मग आक्काचा आवाज आला, अगदी शांत. "म्हण की आनी एकदा. त्यास्नी ऐकू गेलं नसंल."

माझ्या खिशात नळ्या होत्या. पक्कडही होती, ती तर नेहमीच असते. मी तार सोलली, नळीत सारली, दाबली. पिवळा दिवा लागला. त्याच उजेडात आम्ही तुम्हाला खाली आणलं. रस्ताभर मला माझा जोड दिसत होता, म्हणजे त्याचा उजेड दिसत होता, आणि मला तो फोडून टाकावासा वाटत होता. पण टाकता येत नव्हता, कारण तुम्ही मागं होता.

दहन झालं, दिवस झाले, तेरावं झालं. मी रोज येत होतो, कामं करत होतो, आणि आक्काच्या समोर येत नव्हतो. तीही मला काही म्हणाली नाही. ताटात वाढायची, पाणी द्यायची, नजर द्यायची नाही.

तेराव्यानंतर दुधाचा प्रश्न आला. वरच्या वाड्यांतून माणसं येऊन गेली. दूध नासतंय, गाडी कधी सुरू करता. आक्कानं एक ड्रायव्हर बघून ठेवला होता आणि मला निरोप धाडला: गाडीची तारतपासणी करून दे. मी ठरवलं की सगळे जोड डागाचे करायचे. माझा तो दाबलेला जोडही काढून टाकायचा आणि तिथं डाग द्यायचा. तेवढीच तुमची माफी, असं माझ्या मनानं घेतलं.

तुमच्या शेडमध्ये बसलो, शेगडी पेटवली, तुमचं लोखंड तापत ठेवलं. किती वर्षांनी हातात धरलं होतं. कथील तारेला धरेना, गोळा होऊन मातीत पडायचं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा दारातून आवाज आला.

"लोखंड तापलं न्हाई अजून. आन् आदी तार तापीव. कथलाला तापवून काय उपेग?"

आक्का उभी होती. आत आली, माझ्या हातातून लोखंड घेतलं, विस्तवात घातलं, काढलं, ओल्या फडक्यावर पुसलं. राळेचा खडा टेकवला. तारेखाली लोखंड धरून थांबली. मग कथील नुसतं लावलं, आणि ते तारेनं पाण्यासारखं ओढून घेतलं. तुमचाच डाग. हुबेहूब.

मी विचारलं, "तुला येतं?"

"मागल्या पावसाळ्यापासनं मीच करती," ती म्हणाली. "त्यांचं हात कापायचं."

"दाजींचे?"

"मग कुनाचं? बारीक काम व्हायचं न्हाई. स्टेरिंगवर कळायचं न्हाई कुनाला. तार धरली की कळायचं."

मी हातातली तार खाली ठेवली. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" ती लोखंड पुन्हा विस्तवात सारत म्हणाली. "तुला सांगायचं म्हंजे लोनावळ्यापातुर दवंडी. गाडीवर पोट हाय. ज्याचं हात कापत्यात त्याच्या गाडीत दूध कोन घालंल? मी म्हनलं व्हतं एकदा, दत्तूला सांगू. तर हसून म्हनले, पाव्हन्याला डाग दिसतो, हात दिसत न्हाई. बरंय तेच."

दाजी, तुम्ही हे खरंच हसून म्हणालात का?

मी आठवत बसलो, आणि सगळं आठवलं. दीड वर्षभर तुम्ही चहाची बशी हातात घेतली नव्हती. फळीवर ठेवायचात आणि वाकून तोंड लावायचात. मी त्यावर म्हणालो होतो, "दाजी, गुरासारखे काय पिता?" तुम्ही माझ्याकडून तंबाखू मळून घ्यायला लागला होता, आणि मला वाटायचं, म्हातारपणी दाजीपणा चढला. जेवताना तुम्ही आमच्याबरोबर बसायचं सोडलं होतंत. "तुमी जेवा, मला भूक न्हाई" म्हणून शेडमध्ये जायचात. दर रविवारी मी तुमच्या समोर बसून डागांना नावं ठेवत होतो. "हा बघा किती ओबडधोबड, हा बघा किती कथील खाल्लंय." तुम्ही ऐकून घेत होता. आक्का चुलीपाशी ऐकत होती. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. तुमचे हात माझ्यासमोर होते आणि मी तार बघत होतो.

आणि मग पुढचं माझ्या ध्यानात आलं. मी विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "आक्का, तो पिवळ्या दिव्याचा जोड..."

"माजा," ती म्हणाली.

मी काडीनं शेगडीतला कोळसा सारला.

"कथील लय झालं व्हतं त्यात," ती म्हणाली. "घाईत केला. तारंत वर चढलं, मला तवाच दिसलं. म्हनलं, पुन्यांदा करू सवडीनं. सवड कुटं ऱ्हाती. तू बोललास त्ये खोटं न्हवतं. म्हनूनच लय लागलं."

"आक्का, मी..."

"माफ कर-बिर म्हनू नको. त्या टायमाला तुज्या थोबाडीत द्यायला हात उचलला व्हता. पर त्यांचं डोकं व्हतं मांडीवर, हलवू वाटंना." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "राग हाय अजून. जाईल तवा जाईल. तू काम कर."

यावर काय बोलतात ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असतं. तुम्ही असं काहीतरी बोलला असता की ती चिडून हसली असती. मी खाली बसून तारा सोलायला लागलो.

ट्रेलरची मागची तार काढली. तिथले जोड माझे होते. दोन वर्षांमागं मी हट्टानं लावलेले, "हे बघा, हे कधी तुटायचे नाहीत" म्हणून. नळ्या कापल्या तर आत हिरवा चुरा. ओढ्याचं पाणी शिरून तांबं खाऊन टाकलं होतं. एक तर बोटानं दाबताच भुगा झाला. लाल दिवा कसा लागत होता कोण जाणे. की लागतच नव्हता, आणि तेही तुम्ही मला बोलला नव्हता?

मी ते आक्काला दाखवलं. लपवावंसं वाटलं नाही असं नाही. मुठीत धरून थोडा वेळ बसलो होतो. मग हात पुढं केला. "पाण्याचं दाजी म्हणत होते ते बरोबर होतं."

तिनं तो हिरवा चुरा स्वतःच्या तळहातावर घेतला, उजेडात बघितला आणि झटकून टाकला. "बरोबर असंल," म्हणाली. "आता म्होरं कसं करायचं ते बोल. वाडीवरची मानसं उद्याच्या गाडीच्या आशेवर हायेत."

मी म्हणालो की सगळीकडं डागच देऊ, दाजींच्या पद्धतीनं. ती माझ्यावर खेकसली. "त्यांच्या नावानं गाडीत काय करू नको. गाडी त्यांच्यासाठी न्हाई, दुधासाठी चालती. पुडं हादरा जास्त, तितं तुजी नळी. मागं पान्यात, तितं डाग. आन् तार मोकळी लोंबू द्यायची न्हाई, हातहातभर बांधून घ्यायची. दोगं भांडत बसलात, पर तार बांधायची कुनाला सुचली न्हाई." मग म्हणाली, "आन् ती पक्कड कशी दाबायची ते दाव मला. दर बारीला तुला कुटं बोलवू?"

मी दाखवलं. नळी किती मोठी घ्यायची, तार किती सोलायची, पक्कड आडवी धरायची, दाबल्यावर ओढून बघायचं. पहिला जोड तिनं दाबला तो सुटला. दुसरा ओढून बघितला, धरून राहिला. ती त्याच्याकडं बघत होती आणि मी तिच्या हातांकडं. मनगटावरच्या बांगड्यांच्या जागी फिकट वळ होते. अंगठ्यावर भाजल्याचे जुने डाग होते, काळे पडलेले, बरेच. हे हात मी दर रविवारी भाकरी वाढताना बघत होतो.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून गाडी केली. मागचे डाग तिनं दिले, मी तार धरली. पुढचे जोड तिनंही दाबले, मीही दाबले. चिंध्या फाडून तार बांधली. शेडमधल्या आकड्याला टांगलेला तुमचा जुना सदरा तिनं फाडायला घेतला तेव्हा मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "घट्ट हाय कापड. चालंल." आणि टर्रकन फाडला.

दाजी, मला तुमच्याशी काय बोलायचं होतं ते मी इथं बसून शोधतो आहे. माफी मागायला गेलो तर आक्कानं तोंड बंद केलं, आणि ते बरोबरच केलं. तिच्याकडून स्वस्तात सुटलो असतो. तुमच्याकडून तर त्याहून स्वस्तात, कारण तुम्ही काही मनावर घेत नव्हता, निदान तसं दाखवत होता. म्हणून मी तुमच्याकडं माफी मागत नाही. एवढंच सांगतो की तुमचे हात कापत होते हे मला आता माहीत आहे. उशिरा कळलं. तुम्ही ते लपवण्यासाठी माझी बडबड वापरलीत, हेही कळलं. माझी बडबड तेवढ्या तरी कामाला आली असेल तर बरं वाटावं, पण वाटत नाही. लाजच वाटते.

दिवे लावून बघायची वेळ आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आक्का जीपमध्ये चढली, तुमच्या जागेवर बसली आणि बटण ओढलं. मी पुढं उभा होतो. पिवळा दिवा लागला. ती उतरून मागं गेली, लाल दिवा बघितला, फेरी मारून पुढं आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

माझं तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो कुणास ठाऊक.

"आता काय बोलू नको," आक्का म्हणाली.

मी बोललो नाही.